बॅट सोडून गोल्फचा क्लब हातात घेताना: काय ठेवायचं, काय बदलायचं

शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल नाहीतर बेसबॉल खेळलेली पोरं नोकरीला लागली, जरा पैसा हातात खुळखुळायला लागला की त्यातले काही जण ऑफिसातल्या कुणाच्या तरी नादाने पुण्यात येरवड्याला किंवा बावधन-लवळ्याच्या बाजूला गोल्फ मारायला जातात, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांचा एकच डायलॉग असतो, अरे हे तर सोपंय, बॉल हलत पण नाही. मग बॉल उजवीकडे असा काही वळतो की शेजारी उभा असलेला काका क्लब खाली ठेवून बघत बसतो.

तर हा लेख त्यांच्यासाठी. थोडाफार उलट्या दिशेने जाणाऱ्यांसाठीही आहे, म्हणजे गोल्फ शिकलेलं पोरगं शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये गेलं तर काय, वगैरे. सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या हिशोबाने लिहिलंय, म्हणजे डावा हात पुढचा आणि डावा पाय पुढचा. डावखुऱ्यांनी उलटं करून वाचा, त्यांच्यासाठी शेवटी वेगळं लिहिलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खालून वर ताकद कशी येते ते दोन्ही खेळांत जवळपास एकच आहे, तिथे हात लावू नका. बदलायच्या गोष्टी तीनच, हातांची पकड, कमरेतला वाक आणि इम्पॅक्टच्या म्हणजे बॉल लागतो त्या वेळची मनगटं. बरेच जण नेमकं उलटं करतात, चांगला कमावलेला पायांचा आणि कमरेचा वापर "गोल्फ वेगळा असतो" म्हणून सोडून देतात आणि मनगटं मात्र तीच जुनी ठेवतात.

सारखं काय आहे

ओला टॉवेल झटकताना जसं होतं, हात थांबतो आणि टोक फाडकन पुढे जातं, तसंच दोन्ही स्विंगमध्ये होतं. आधी पायाने जमिनीवर दाब, मग कंबर फिरते, कंबर हळू व्हायला लागली की छाती, छाती हळू झाली की हात, आणि सगळ्यात शेवटी बॅट किंवा क्लब. हा क्रम बिघडला, म्हणजे खांदे कमरेच्या आधी सुटले, की बेसबॉलमध्ये तिसऱ्या बेसकडे मरतुकडा ग्राउंडर (जमिनीवरून घरंगळणारा बॉल) जातो आणि गोल्फमध्ये बॉल आधी डावीकडे निघून उजवीकडे वळतो. कारण एकच, दिसतं वेगळं.

पुढचा पायही तसाच. मारायच्या क्षणी डावा गुडघा सरळ होत जातो आणि शरीर त्या पायावर अडून फिरतं. सॉफ्टबॉलच्या सरांनी "पुढचा पाय घट्ट" म्हणून घसा कोरडा केला असेल तर ते शिक्षण गोल्फमध्ये फुकट मिळालं समजा. पुण्याचाच उदयन माने टोकियो ऑलिंपिक खेळलाय, त्याचा ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब क्लबचा) स्विंग स्लो मोशनमध्ये बघायला मिळाला तर फक्त त्याचा डावा पाय बघा, बाकी काही बघू नका. नंतर कुठल्याही होमरन मारणाऱ्या हिटरचा डावा पाय बघा.

वेगळं काय आहे, आणि का

बेसबॉलमध्ये पिचर म्हणजे बॉल टाकणारा १८.४४ मीटरवर उभा असतो, ताशी १४५ किमीचा बॉल तुमच्यापर्यंत यायला साधारण ०.४ सेकंद लागतात, त्यातला बराचसा वेळ बघण्यात आणि ठरवण्यात जातो, त्यामुळे स्विंग आखूड आणि झटपट लागतो. गोल्फमध्ये बॉल ठेवलेलाच आहे, वेळच वेळ आहे, म्हणून बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागे वर नेणं, लांब घेता येतो. क्लबही लांब आणि हलका. ड्रायव्हर साधारण ४५ इंचाचा आणि सगळा मिळून ३०० ग्रॅमच्या आसपास, बेसबॉलची मोठ्यांची बॅट ३३-३४ इंचाची पण ८५०-९०० ग्रॅमची. त्यामुळे प्रो गोल्फरच्या क्लबचं डोकं ताशी १८० किमीच्या पुढे जातं आणि अमेरिकेतल्या मेजर लीगच्या हिटरची (बॅटिंग करणाऱ्याची) बॅट सरासरी ११५ च्या आसपास.

पण खरा फरक वेगाचा नाही. बॅट गोल आहे. बॅटला तोंड नाही. हातात ती स्वतःभोवती कशीही फिरली तरी बॉलला समोर तोच गोलावा मिळतो. गोल्फ क्लबला फेस असतो, म्हणजे बॉलला लागणारी सपाट बाजू, तोही शाफ्टच्या (दांड्याच्या) एका बाजूला सरकलेला, त्यामुळे मनगट जरा इकडेतिकडे झालं की फेस दुसरीकडेच बघायला लागतो. बॉल कुठल्या दिशेला निघणार ते बहुतेक करून फेस ठरवतो, आणि हवेत किती वळणार ते फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यात किती अंतर पडलंय त्यावर. हे वाक्य दोनदा वाचा, पुढची अर्धी भानगड यातच आहे.

त्यात माफी किती आहे तेही बघा. बेसबॉलचं मैदान ९० अंशांत उघडलेलं असतं, त्यात कुठेही मारा, बॉल फेअर. त्याच्या बाहेर गेला तर फाउल, पहिल्या दोन स्ट्राइक झाल्यावर तर तो सहसा मोजतही नाहीत. गोल्फमध्ये २३० मीटरच्या ड्राइव्हला ५ अंशांची चूक झाली की बॉल साधारण २० मीटर बाजूला पडतो, म्हणजे बऱ्याच होलवर सरळ रफमध्ये (वाढलेल्या गवतात) नाहीतर झाडाखाली, आणि तिथूनच पुढचा फटका मारायचा. हद्दीबाहेर गेला तर एक फटका दंड आणि परत मागे येऊन त्याच जागेवरून मारायचं. तुमच्या सॉफ्टबॉलच्या काळातले चांगले चांगले फटके या हिशोबाने दंडाचे आहेत.

तिसरा फरक जमीन. बेसबॉलचा बॉल कमरेच्या वरखाली कुठेतरी असतो आणि थोडा खाली येत असतो म्हणून बॅट थोडी वर जाताना लागलेली चांगली. गोल्फमध्ये आयर्नने (धातूच्या पात्यासारखं डोकं असलेल्या क्लबने, ७ आयर्न त्यातलाच एक) मारताना बॉल जमिनीवर पडलेला असतो, तिथे क्लब खाली येतानाच बॉलला लागायला हवा आणि त्याच्यानंतर गवताला. आधी गवत लागलं की खेळ खल्लास.

पायरी १: ग्रिप

बॅट आपण बोटांत धरतो, दोन्ही हातांची दार ठोठावायची पेरं एका रेषेत येतात, दोन्ही हात जवळपास सारखं काम करतात. गोल्फमध्ये आधी डावा हात एकटा बसवा. ग्रिप करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरकी जाऊ द्या, आणि तळहाताची करंगळीकडची गादी ग्रिपच्या वरून दाबली गेली पाहिजे. वरून खाली बघितलं की डाव्या हाताची दोन, फार तर तीन पेरं (बोटांच्या मुळाशी मुठीवर उठून दिसतात ती) दिसली पाहिजेत. एकच दिसत असेल तर हात फार डावीकडे आहे, उजवीकडे फिरवा. मग उजवा हात असा आणा की त्याच्या तळव्यातली खोलगट जागा डाव्या अंगठ्यावर बसेल. दोन्ही अंगठा-तर्जनीच्या बेचक्या साधारण उजव्या खांद्याकडे रोखलेल्या.

उजवी करंगळी डाव्या हातावर चढवायची (हॅरी व्हार्डनच्या नावाने ओळखली जाते ती पकड), का डाव्या तर्जनीत अडकवायची, का दहाही बोटं क्लबवर ठेवायची, हा वाद घालत बसू नका. जॅक निकलस आणि टायगर वूड्स दोघेही अडकवतात. दहा बोटांच्या पकडीला गोल्फवाले बेसबॉल ग्रिपच म्हणतात आणि ती नियमात बसते, तेव्हा सुरुवातीला तीच ठेवली तरी चालेल. फक्त नाव बेसबॉल आहे म्हणून पेरं परत एका रेषेत आणू नका, हात वर सांगितले तसेच तिरके बसवायचे.

पायरी २: उभं राहणं

बॅटिंगला आपण गुडघ्यात बसतो आणि पाठ बऱ्यापैकी उभी ठेवतो. गोल्फमध्ये वाक खुब्यातून पाहिजे, गुडघ्यातून अगदी थोडा. घरी करून बघा, क्लब पाठीवर उभा धरा, डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी तो टेकलेला असताना पुढे वाका. कुठून सुटला तर पाठ गोल झाली. वाकलात की हात नुसते लोंबू द्या, जिथे लोंबतात तिथेच क्लब धरायचा, मांडी आणि हातांच्या मुठी यात साधारण एक वीत अंतर राहतं. वजन दोन्ही पायांच्या मध्यावर ठेवा, चवड्यांवर नाचायची सवय इथे नको.

सॉफ्टबॉलवाल्यांना या वाकाची फार लाज वाटते आणि ते हळूहळू उभे होत जातात, मग बॉलच्या डोक्याला क्लब लागतो आणि तो सरपटत जातो. मोबाइल कमरेच्या उंचीवर ठेवून बाजूने व्हिडिओ काढा, त्यात लगेच दिसतं.

पायरी ३: मनगटं आणि फेस

इथे वेळ घालवा. बाकीच्या सगळ्या पायऱ्या मिळून जेवढा द्याल तेवढा इथे द्या.

बेसबॉलमध्ये बॉल लागतो त्या क्षणी मागच्या म्हणजे उजव्या हाताचा तळवा वर आकाशाकडे असतो आणि डाव्याचा खाली जमिनीकडे. हात तसेच पुढे बॉलमधून ढकलायचे आणि मनगटं नंतर उलटवायची, हे बेसबॉलमध्ये सोन्यासारखं आहे. आता ७ आयर्न घ्या, गोल्फची ग्रिप धरा, कमरेच्या उंचीवर क्लब आडवा समोर आणा आणि हात तसेच करा, उजवा तळवा वर. फेस बघा. आकाशाकडे बघतोय. हाच फेस तुम्ही बॉलपर्यंत नेताय, म्हणून तो उघडा लागतो आणि बॉल उजवीकडे वळतो. गोल्फमध्ये उजवा तळवा इम्पॅक्टला टार्गेटकडे बघायला हवा, डाव्या हाताची मागची बाजूही टार्गेटकडे. म्हणजे बेसबॉलमध्ये जे फिरणं बॉल लागल्यानंतर होतं ते इथे बॉल लागायच्या आधी झालेलं पाहिजे.

हिंजवडीत काम करणारा एक जण रेंजवर (बॉल मारायच्या सरावाच्या मैदानावर) यायचा, कॉलेजात चांगला सॉफ्टबॉल खेळलेला, खांदे असे की बघत राहावं. त्याचा प्रत्येक बॉल उजवीकडे. त्यावर उपाय म्हणून तो दरवेळी थोडा अजून डावीकडे तोंड करून उभा राहायचा, आणि बॉल अजूनच जास्त वळायचा. यात गंमत अशी की डावीकडे तोंड केलं की क्लबचा मार्गही डावीकडे जातो, फेस मात्र माणूस नकळत झेंड्याकडेच ठेवतो, मग मार्ग आणि फेस यातलं अंतर वाढतं आणि वळण वाढतं. त्याला मी पाय परत सरळ करायला लावले, मारल्यानंतर क्लब कमरेच्या उंचीला आला की तिथेच थांब म्हटलं. थांबला. फेस सरळ वर, तळवा सरळ वर, एकदम आदर्श सॉफ्टबॉल फटका. मग बॉल बाजूला ठेवून नुसताच अर्धा स्विंग, थांबायचं, टोक वर आहे का बघायचं, परत. नंतर बॉल ठेवला तर तो डावीकडे जाळीत जाऊन आदळला आणि हा गडी एवढा खूश, कारण त्याचा बॉल आयुष्यात कधी डावीकडे गेलाच नव्हता.

ड्रिल असं करा. ७ आयर्न, बॉल नाही. सरळ उभे राहा, क्लब कमरेच्या उंचीवर आडवा, आणि बेसबॉलसारखाच फिरवा, आरामात, कंबर आधी आणि हात नंतर. फक्त एक गोष्ट बघा, तुमच्या समोरून जाताना फेस टार्गेटकडे आहे का, आणि पुढे डाव्या बाजूला गेल्यावर क्लबचं टोक वर आहे का. हे जमलं की खुब्यातून थोडं वाका आणि तोच स्विंग गुडघ्याच्या उंचीवर करा. मग अजून वाका, क्लब गवताला घासेल इतका. शरीराचं फिरणं तेच, फक्त सगळं खाली कललंय. बेसबॉल स्विंगमधून गोल्फ स्विंग तयार करायचा यापेक्षा चांगला रस्ता मला तरी माहीत नाही, आणि गोल्फचे कोचही हे ड्रिल वर्षानुवर्षं देत आलेत.

एक खबरदारी. फेस बंद करायचा म्हणून नुसती मनगटं झटकू नका, त्याने एक बॉल डावीकडे आणि एक उजवीकडे असं सुरू होतं. फिरवायची ती कोपरापासून पुढची हाताची नळी, आणि तीही छाती फिरत असताना. छाती थांबली की मनगटं चोरटेपणा करतात.

आणि डावीकडे जास्त जायला लागलं तर घाबरायचं नाही, सॉफ्टबॉलवाल्यासाठी ती प्रगती आहे. डाव्या हाताची तीन पेरं दिसत असतील तर दोनवर आणा, तेवढ्याने बऱ्याचदा भागतं.

पायरी ४: आधी बॉल, मग गवत

"मागे राहा, बॉलला येऊ द्या" हे हिटरच्या अंगात मुरलेलं असतं. गोल्फमध्ये बॉल येत नाही हो, तुम्ही मागे राहिलात तर क्लबचा सगळ्यात खालचा बिंदूही मागे राहतो, आणि क्लब बॉलच्या आधी जमिनीत घुसतो.

यासाठी रांगोळी वापरा. गवतावर रांगोळीची एक रेघ मारा, तुमच्याकडून समोर जाणारी, आणि ती दोन पायांच्या मधोमध येईल असे उभे राहा. बॉल ठेवायचा नाही. ७ आयर्नने अर्धा स्विंग घ्या आणि बघा गवत कुठे घासलं, रेघेच्या डाव्या बाजूला म्हणजे टार्गेटकडे घासलं तर बरोबर, उजव्या बाजूला घासलं तर वजन मागे राहिलंय. घासलेली जागा रेघेच्या पुढे गेली की मग बॉल ठेवा. कोर्सवर किंवा रेंजच्या गवतावर हे करणार असाल तर आधी तिथल्या माणसाला विचारा, नाहीतर ओरडा बसेल आणि तो बरोबरच असेल.

मॅटवर मारत असाल तर मॅट तुम्हाला फसवते. क्लब बॉलच्या आधी मॅटला लागून सरकतो आणि बॉल बऱ्यापैकी जातो, तुम्हाला वाटतं जमलं, गवतावर गेलं की माती उडते. मॅटवर बॉलच्या मागे एक वीत अंतरावर टॉवेलची घडी ठेवा, टॉवेलला लागलं नाही पाहिजे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जमीन ओली असल्यामुळे ही चूक लगेच कळते, क्लब रुततो आणि पॅन्टवर चिखल, उन्हाळ्यातल्या कडक जमिनीवर क्लब उसळून बॉलच्या पोटात बसतो. म्हणून मी तर म्हणेन पावसाळ्यात उघडीप मिळाली की जरूर शिका.

पायरी ५: स्ट्राइड नाही, पण स्ट्राइडची चाल पाहिजे

हिटर पाय उचलून पुढे टाकतो, पाय टेकेपर्यंत हात मागेच असतात, आणि पाय टेकला की कंबर उघडायला लागते. गोल्फमध्ये पाय उचलायचा नसतो म्हणून नवशिका सगळंच गोठवून टाकतो, मग नुसते हात चालतात. खरं तर चांगल्या गोल्फरचं वजनही बॅकस्विंग पूर्ण व्हायच्या आधीच डाव्या पायाकडे सरकायला लागलेलं असतं, फक्त बाहेरून दिसत नाही.

ड्रिल सोपं आहे. दोन्ही पाय जवळ घेऊन उभे राहा, बॅकस्विंग सुरू करा, क्लब वर पोचायच्या आत डावा पाय टार्गेटकडे टाका आणि मारा. हिटरला हे लगेच जमतं, कारण हा त्याचाच स्ट्राइड आहे. थोड्या वेळाने पाय नेहमीसारखे लांब ठेवून तीच चाल आतल्या आत करायची.

अजून एक अडचण अशी की हिटरला सुरुवात पिचर करून देतो. पिचरचा हात हलला की याचं शरीर हलतं. गोल्फमध्ये कुणीच काही टाकत नाही, माणूस बॉलकडे बघत उभा राहतो, उभाच राहतो, आणि तोपर्यंत हातांच्या नळ्या दगड झालेल्या असतात. म्हणून स्वतःचा इशारा ठरवा, टार्गेटकडे एक नजर, क्लब एकदा हलवायचा, आणि निघायचं. दरवेळी तेच. लय धरायला मनात "एक-दोन-तीन" वर जाताना आणि "चार"ला बॉल, कारण चांगल्या गोल्फरचा वर जायचा वेळ खाली यायच्या वेळेच्या साधारण तिप्पट असतो. सॉफ्टबॉलवाले वर जातानाच घाई करतात, जणू बॉल निघून जाणार आहे.

"डोकं खाली ठेव" असं रेंजवर प्रत्येक अनोळखी माणूस सांगतो. ऐकून घ्या आणि सोडून द्या. डोकं धरून ठेवलं की छाती फिरायची थांबते, मग वर सांगितलेले मनगटांचे उद्योग सुरू होतात.

पायरी ६: ड्रायव्हर सगळ्यात शेवटी

हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. ड्रायव्हरला बॉल टीवर (जमिनीत खोचायच्या छोट्या खुंटीवर) असतो, डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, आणि क्लब थोडा वर जाताना लागलेला चांगला, म्हणजे सगळ्या क्लबांमध्ये बेसबॉलच्या जवळचा हाच. म्हणून पोरं पहिल्या दिवशी तोच उचलतात. पण त्याचा लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) कमी, साधारण ९ ते १२ अंश, शाफ्ट सगळ्यात लांब, त्यामुळे फेस थोडा उघडा असला तरी वळण सगळ्यात जास्त दिसतं. ७ आयर्नने बॉल बऱ्यापैकी सरळ जायला लागेपर्यंत ड्रायव्हर गाडीतच राहू दे. नंतर घेतलात की टी एवढी उंच लावा की अर्धा बॉल क्लबच्या वर दिसेल, उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली, आणि मग खुशाल तुमचा जुना वर जाणारा स्विंग वापरा, फक्त पायरी ३ वाली मनगटं घेऊन.

उलटा प्रवास, म्हणजे क्लबवरून बॅटवर

हे मुख्यतः शाळकरी मुलांचं. गोल्फ शिकलेलं पोरगं सॉफ्टबॉलला गेलं की त्याचा डावा हात बॅकस्विंगपासून ताठ असतो आणि बॅट लांब वळसा घेऊन येते, तोवर बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये मोठ्या गटात पिचिंगचं अंतर ४३ फूटच असतं, वेळ बेसबॉलइतकाच कमी मिळतो. त्याला कोपर वाकवून हात छातीजवळून आणायला शिकवा. भिंतीपासून बॅटच्या लांबीइतक्या अंतरावर, भिंतीकडे तोंड करून उभं करा आणि हळू स्विंग घ्यायला लावा, हात लांब सुटले की बॅट भिंतीला लागते आणि ते आपोआप समजतं. मनगटं मात्र उलटी शिकवायची, बॉल लागेपर्यंत तळवा वर आणि तळवा खाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॉल बघून, नको असेल तो सोडून द्यायला शिकवणं. गोल्फमध्ये तो निर्णयच नसतो, त्यामुळे ही मुलं प्रत्येक पिचवर बॅट फिरवतात. काही दिवस नुसतं उभं करून पिच बघायला लावा, स्ट्राइक (मारण्याजोगा) का बॉल (सोडण्याजोगा) एवढंच ओरडून सांगायचं.

दुखणी

दोन्ही खेळांत एक हाड कॉमन आहे, तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला मनगटाजवळ हॅमेट नावाचं छोटं हाड असतं, त्याला एक आकडा असतो. बॅटचा नॉब (दांड्याच्या टोकाची गाठ) किंवा क्लबचं वरचं टोक डाव्या हातात नेमकं तिथेच टेकतं, आणि बॅटच्या झटक्याने किंवा क्लब जोरात जमिनीत घुसला की तो आकडा मोडू शकतो. साध्या एक्स-रेत तो बरेचदा दिसत नाही. तिथे दाबल्यावर दुखत असेल, पकड ढिली पडत असेल, आणि आठवडा-दोन आठवड्यांत कमी झालं नाही, तर हाताच्या डॉक्टरांना मी काय खेळतो ते सांगून दाखवा, नुसतं मनगट दुखतंय म्हणू नका. गोल्फचं दुसरं दुखणं कंबर. बेसबॉलवाला आधीच जोरात फिरतो, त्यात वाकून फिरायचं, म्हणून पहिले काही आठवडे पूर्ण ताकदीने मारायचंच नाही, अर्ध्या स्विंगवर राहायचं.

सामान आणि जागा

पूर्ण सेट घेऊ नका. नियमाने बॅगेत १४ क्लब चालतात म्हणून १४ घ्यायचे नसतात. एक सेकंडहँड ७ आयर्न आणि डाव्या हाताचा ग्लोव्ह, बस. बेसबॉल बॅट घेणार असाल तर ऑनलाइन ज्या स्वस्तात मिळतात त्यांची चौकशी करून घ्या, आपल्या देशात त्यातल्या बऱ्याच गाडीच्या सीटखाली ठेवायला विकत घेतल्या जातात आणि तशाच बनवलेल्या असतात, खऱ्या बॉलला लागल्या की हाताला झिणझिण्या येतात.

कमरेच्या उंचीचं ड्रिल गच्चीवर आरामात होतं, बॉल लागतच नाही, फक्त पाण्याच्या टाकीचा पाइप आणि वाळत घातलेले कपडे बघून. बॉल मारायचाच असेल तर भोकं असलेला प्लास्टिकचा घ्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा टेकडीवर खरा गोल्फ बॉल मारायचा नाही, चालायला आलेल्या माणसांच्या डोक्याला लागला तर ४६ ग्रॅमचा तो बॉल काय करेल याचा विचार करा.

डावखुरे

बेसबॉलमध्ये उजव्या हाताने बॉल फेकणारे पण डावीकडून बॅटिंग करणारे भरपूर आहेत, टेड विल्यम्स तसाच होता, इचिरो सुझुकीही. डावीकडून मारणारा पहिल्या बेसच्या दोन पावलं जवळ असतो आणि उजव्या हाताच्या पिचरचा बॉल त्याला जास्त चांगला दिसतो, म्हणून मुद्दाम तसं शिकवतात. गोल्फमध्ये असा काही फायदा नाही. फिल मिकेलसन बाकी सगळं उजव्या हाताने करतो आणि गोल्फ डावीकडून खेळतो, तर असंही चालतं. आपल्याकडे बहुतेकांनी बॅट पहिल्यांदा क्रिकेटची धरलेली असते, आणि उजवा क्रिकेट बॅट्समन, उजवा हिटर आणि उजवा गोल्फर तिघांचाही डावा हात दांड्याच्या टोकाकडे असतो, तेव्हा क्रिकेटमध्ये जिकडून मारता तिकडूनच गोल्फ सुरू करा. अडचण एवढीच की भाड्याने मिळणारे क्लब बहुतेक उजव्यांचे असतात. डावखुऱ्याने रेंजवर जायच्या आधी फोन करून डावा ७ आयर्न आहे का ते विचारावं, आणि नसेल तर उजव्याने शिकून घेऊ असं ठरवायच्या आधी कुणाकडून तरी एक डावा क्लब उसना आणून गच्चीवर कमरेच्या उंचीचं ड्रिल दोन्ही बाजूंनी करून बघावं. ज्या बाजूने कंबर न सांगता आधी फिरते ती बाजू घ्या.